वजदी उस्तादांची साफसफाई

"छापखान्याची अक्कल मशीनमध्ये नसते, टेम्प्लेटमध्ये असते! आणि आपलं टेम्प्लेट आज असं लख्ख करतो, की बैरूतहून माणसं बघायला येतील!"

वजदीने ही घोषणा गुरुवारी सकाळी हुम्मुसवाल्याच्या टपरीवर केली, तीही तोंडात घास असताना. हुम्मुसवाल्याने नुसती मान डोलावली. टेम्प्लेट म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. पण आमच्या सैदात बढाई मारणाऱ्याला कुणी अडवत नाही. ताटली रिकामी झाली की तो आपला आपण थांबतो.

वजदीला सगळे 'उस्ताद' म्हणत. म्हणजे तोच म्हणायला लावी. कधीकाळी त्याने बैरूतला कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता आणि तो कोर्स तो अजून संपू देत नव्हता. गेल्या वर्षी म्हातारा अबू सुहैल आपला छापखाना त्याला विकून लेकीकडे कॅनडाला निघून गेला. जुन्या बाजारात मशिदीच्या कमानीला लागून एक खोली, त्यात एक धिप्पाड प्रिंटर, एक कॉम्प्युटर आणि जनरेटरवाल्याच्या मर्जीवर जळणारा एक दिवा, एवढा त्याचा पसारा.

रविवारी मुख्तारांची निवडणूक होती. मुख्तार म्हणजे मोहल्ल्याचा शिक्केवाला. त्याचा शिक्का पडल्याशिवाय सरकारदरबारी माणूस जन्मतही नाही आणि मरतही नाही. आमच्या मोहल्ल्याचे मुख्तार गेली अठरा वर्षं अबू नजीब, पाळण्यातलं नाव सब्री, आणि अबू नजीब म्हणजे वजदीचे सासरे. या वेळी त्यांच्यासमोर मुनीफ फार्मसीवाला उभा होता. तरुण, गोडबोल्या, अपरात्री दार वाजवलं तरी हसून औषध देणारा. मागच्या खेपेला अबू नजीब जेमतेम निवडून आले होते. या खेपेला त्यांची सगळी भिस्त बैरूतच्या नातेवाइकांवर होती. या मंडळींची नावं मतदारयादीत सैदाची आणि बिऱ्हाडं बैरूतला. रविवारी ती बस भरून मत द्यायला येणार होती.

आणि अबू नजीबांनी आयुष्यात पहिल्यांदाच जावयाला काम सांगितलं होतं: निवडणुकीचं पत्रक! एरवी ते म्हणत, "वजदीच्या हातून दूधसुद्धा धड उतू जात नाही."

"काका, 'उमेदवार' हा शब्द कुठे टाकू?" वजदीने विचारलं होतं.

"उमेदवार? उमेदवार तो मुनीफ! मी मुख्तार आहे. मुख्तार लिही!"

तेव्हा पत्रक असं झालं. वर कुराणातली आयत. खाली सुटातला फोटो. मग मजकूर: 'आपल्या मोहल्ल्याचे मुख्तार, हाजी सब्री, अबू नजीब. अठरा वर्षं तुमच्या सुखदुःखात. पुढच्या प्रवासाला निघताना तुमच्या दुवा असू द्या. रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मुलींची सरकारी शाळा. पुरुष तळमजल्यावर, स्त्रिया वरच्या मजल्यावर.' मतपेट्या तशाच मांडलेल्या असतात, पुरुषांच्या खाली, बायकांच्या वर. अक्षरं हिरवीगार, मागे पिवळी पट्टी. अबू नजीबांनी नमुना चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला आणि म्हणाले, "बरं आहे."

वजदीला ते 'बरं आहे' पदकासारखं वाटलं. तो तिथेच थांबता तर आज ताठ मानेने फिरला असता. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे काय उगाच म्हणतात?

पत्रकाला हिरवा रंग देताना त्याला स्टाइल्सची यादी उघडावी लागली होती आणि ती बघून त्याला शिसारी आली होती. स्टाइल म्हणजे मजकुराचा पोशाख: अक्षर केवढं, रंग कुठला, चौकट हवी की नको. शहाणा माणूस पाचसहा पोशाखांत भागवतो. अबू सुहैल मात्र प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवा पोशाख शिवायचा आणि जुना कधी टाकायचा नाही! 'मोठं'. 'आणखी मोठं'. 'हे वापर'. 'हे नको वापरू'. 'लग्न गुलाबी'. 'लग्न गुलाबी, मोडलेलं'. 'मुख्तार हिरवा'. 'मुख्तार हिरवा खरा'. आणि एका स्टाइलचं नाव तर चक्क 'हात लावू नकोस'!

"हीच पहिली उडवतो!" वजदी म्हणाला.

त्याची बायको हनादी पावत्या लावत बसली होती. ती म्हणाली, "अरे, आधी बाबांची पत्रकं छाप. मग काय ती झाडलोट कर!"

"पाहुण्याला घाणेरड्या ताटात वाढतात का?"

"पाहुणा जेवून गेला की भांडी घासतात. सगळ्या जगात तसंच करतात."

"जगाने कोर्स केलेला नाही!"

हनादी पावत्या उचलून घरी निघून गेली.

वर्डमध्ये एक सोय आहे. फाइल उघडून न बघता, नुसती यादी समोर घेऊन, तिच्यातल्या स्टाइल्स उडवता येतात. वजदीने बाह्या सरसावल्या. आधी टेम्प्लेट, म्हणजे ज्या साच्यातून सगळे कागद निघतात तो साचा, पार धुऊन काढला. मग चालू कामांच्या फाइली घेतल्या, सासऱ्यांच्या पत्रकासकट. निवड, डिलीट! निवड, डिलीट! कॉम्प्युटर प्रत्येक वेळी 'नक्की ना?' असं विचारायचा आणि वजदी त्याला मोठ्याने सांगायचा, "नक्की रे बाबा, नक्की!" संध्याकाळी यादीत बोटांवर मोजण्याइतकी नावं उरली. इतकं हलकं त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

आता वजदीला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगून टाकतो. एखादी स्टाइल उडवली म्हणून तिच्यातला मजकूर नागडा राहत नाही. तो 'नॉर्मल' नावाच्या मूळ स्टाइलचे कपडे चढवून उभा राहतो. एवढं वजदी कोर्समध्ये शिकला होता. म्हणूनच तर तो निर्धास्त होता! पण आमच्या गावात छापखान्याचं नेहमीचं काम कुठलं? लग्नं वर्षातून काही महिने, निवडणूक कधीतरी. मरण मात्र बारमाही. माणूस गेला की तासाभरात त्याचं निधनपत्रक भिंतीवर लागावं लागतं. अबू सुहैलला दर वेळी ती जाड काळी चौकट आखायचा कंटाळा येई. म्हणून त्याने एकदाच काय ते केलं: 'नॉर्मल'लाच काळी चौकट घालून ठेवली. अक्षरं काळी, मधोमध, गंभीर. ज्याला चौकट नको त्याच्यासाठी वेगळी स्टाइल. वजदीने त्या सगळ्या वेगळ्या स्टाइल्स गोळा करून कचऱ्यात टाकल्या होत्या. मागे उरलं ते निव्वळ सुतक!

त्याने फाइल न उघडता सरळ छापायला सोडली. नमुना पास झालेला, मग पुन्हा काय बघायचं? त्या धिप्पाड प्रिंटरातून कागद पालथे पडतात. वजदीने पालथ्या गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि तो पत्रकं चिकटवणाऱ्या दर्वीशच्या हाती दिला.

"कुठे लावू?" दर्वीशने विचारलं.

"तुला काय सांगायचं? नेहमीच्या जागी!"

दर्वीश गेली कित्येक वर्षं गावाच्या भिंतींवर कागद चिकटवतो. त्याला वाचता येतं, पण तो वाचत नाही. कामाच्या वेळी वाचत बसलं तर खळ सुकते, असं त्याचं म्हणणं. तो फक्त चौकट बघतो. रंगीत असेल तर सिनेमागृह आणि भाजीबाजार. काळी असेल तर मशिदीची दारं, कब्रस्तानाचं फाटक आणि मयताचा जिना. शुक्रवारी उजाडायच्या आत त्याने अबू नजीबांना नेहमीच्या जागी लावून टाकलं.

शुक्रवारी सकाळी वजदी छाती पुढे काढून हुम्मुस खायला निघाला. टपरीवाल्याने त्याला बघितलं, हातातला डाव खाली ठेवला आणि त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अल्लाह तुला बळ देवो, उस्ताद."

"दिलंय की! काल दिवसभर खपत होतो!"

"मशिदीच्या दारावर वाचलं. वाचून भरून आलं रे."

"फोटो कसा वाटला?"

"तेजस्वी! असा चेहरा भाग्यवंतालाच लाभतो."

वजदी फुशारला. "सगळं मी एकट्याने केलं. जुनं दुखणं होतं, वर्षानुवर्षं साचलेलं. एका बटनात संपवलं. त्रास नाही, आवाज नाही."

हुम्मुसवाला एक पाऊल मागे सरला. "तू... जवळ होतास?"

"म्हणजे काय! शेवटपर्यंत!"

"काही बोलले का रे ते?"

"'बरं आहे' म्हणाले. बस, एवढंच."

हुम्मुसवाला ओक्साबोक्शी रडायला लागला. वजदीने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि मनात म्हणाला, काय हा माणूस! छपाईची एवढी कदर गावात कुणालाच नाही! त्या दिवशी हुम्मुसवाल्याने त्याच्याकडून पैसेही घेतले नाहीत. पुढे वळणावर खुर्च्या भाड्याने देणारा अबू खलदून भेटला. तोही खाली मान घालून होता.

"उस्ताद, खुर्च्या घरी पाठवू की शाळेत?"

सासऱ्यांनी सभा ठरवली असणार, वजदीला वाटलं. "दोन्हीकडे पाठव! हात आखडू नकोस!"

"आणि कॉफी? कडूच ना?"

"काकांना कुठली आवडते ते त्यांनाच विचार!"

अबू खलदूनने आकाशाकडे पाहिलं आणि डोळे पुसले.

तेवढ्यात मिनारावरचा लाउडस्पीकर खरखरला. मोहल्ल्यात कुणी गेलं की तिथूनच कळतं. वजदीने इतरांबरोबर डोकं झुकवलं. "...मोहल्ल्याचे मुख्तार, हाजी सब्री, अबू नजीब, अल्लाहच्या रहमतीत..." वजदीने वर पाहिलं. कमानीखालच्या भिंतीवर सुटातले सासरे त्याच्याकडे बघत होते. भोवती बोटभर जाडीची काळी चौकट. खाली: 'पुढच्या प्रवासाला निघताना तुमच्या दुवा असू द्या.' पुरुष तळमजल्यावर. स्त्रिया वरच्या मजल्यावर. जणू शोकाला बसायची व्यवस्था!

'गाढवा!' तो स्वतःला म्हणाला. 'गाढवा, कोर्स केलेल्या गाढवा!' मग तो धावत सुटला. वाटेतले लोक म्हणाले, "बघा, सख्खा मुलगासुद्धा असा धावणार नाही."

सासरे गॅलरीत बसले होते. गुडघा सुजला होता, त्यावर लिंबाची पानं बांधलेली, आणि एका गालाला साबण.

"वजदी, कोण गेलं रे? नीट ऐकू आलं नाही. सब्री म्हणाले. आपल्यात दुसरा सब्री कोण?"

"काका, बसा."

"बसलोच आहे."

"काका, तुम्ही."

"मी काय?"

"तुम्ही गेलात."

अबू नजीबांनी वस्तरा खाली ठेवला. वजदीने अडखळत, घाम पुसत सगळं सांगितलं. टेम्प्लेट, स्टाइल्स, नॉर्मल. त्यातलं सासऱ्यांना 'काळी चौकट' एवढंच कळलं आणि तेवढं पुरेसं होतं. ते शिवी देण्यासाठी तोंड उघडणार, तोच जिन्यावर किंकाळी फुटली. शेजारीण उम्म गझवान सासूबाईंच्या गळ्यात पडली होती आणि सासूबाईंच्या हातात द्राक्षाची पानं होती, भात भरून गुंडाळायला घेतलेली.

"गेला म्हणजे? आत्ता तर मिठावरून माझ्याशी भांडत होता!"

"धक्का बसलाय हो तिला!" उम्म गझवान बाकीच्या बायकांना म्हणाली. "तिला वाटतंय तो अजून भांडतोय!"

बघता बघता दिवाणखाना भरला. अबू खलदूनच्या खुर्च्या आल्या, मयताच्या घरी देतात ती कडू कॉफी आली. आणि सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल? मुनीफ! काळा कोट, डोळे लाल. तो मधोमध उभा राहिला आणि भरल्या गळ्याने बोलू लागला. गॅलरीचं दार अर्धं लोटलेलं होतं, त्यामुळे आतला शब्द न् शब्द बाहेर ऐकू येत होता.

"असा मुख्तार झाला नाही, होणार नाही! मी कोण? मी आपला गोळ्या विकणारा. मला वाट्टेल तेवढी मतं मिळोत, या माणसाच्या चपलेची सर मला येणार नाही!"

वजदी दाराकडे झेपावला. अबू नजीबांनी त्याचं मनगट पकडलं.

"हलू नकोस."

"काका, बाहेर चला! बातमी बैरूतला पोचेल!"

"जाऊ दे पाच मिनिटं. बोलतोय ना तो!"

मग इतरांची पाळी आली. अबू नजीब किती दयाळू, किती तत्पर, कसा हसतमुख! मीही होतो त्या खोलीत. मी म्हणालो, "मुख्तारांनी कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही." माझ्या मुलाच्या दाखल्यासाठी त्यांनी मला किती हेलपाटे घालायला लावले होते ते माझं मला ठाऊक! पण मयताच्या घरी खरं बोलायला का कुणी जातं? त्यांच्या शेवटच्या शब्दांचीही चर्चा झाली. "'बरं आहे' म्हणाले आणि मान टाकली," हुम्मुसवाला सांगत होता. "जावई जवळ होता." सगळ्या खोलीने सुस्कारा सोडला. गॅलरीत अबू नजीबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि साबण खाली ओघळत होता.

"काका, आता तरी..."

"थांब रे! खाटीक बोलायचा राहिलाय."

सासूबाई मधूनच दारातून तोंड घालून गेल्या. "लाज वाटत नाही? मी तिकडे विधवा म्हणून बसलेय!"

"आणखी थोडा वेळ बस! आजपर्यंत माझ्यासाठी काय केलंस?"

ही पाच मिनिटं दुपारच्या नमाजापर्यंत चालली असती. पण न्हाव्याने घात केला. तो म्हणाला, "माणूस सोन्यासारखा. फक्त हात जरा आखडता होता, एवढंच."

गॅलरीचं दार धाडकन उघडलं.

"हात आखडता? कुणाचा हात आखडता? ईदला तुला मेंढीची अख्खी तंगडी कुणी दिली होती रे?"

एका गालाला साबण लावलेला, लंगडणारा, ओरडणारा मयत! कपबशा खळाखळा पडल्या. खाटीक खुर्चीसकट उताणा झाला. उम्म गझवान कोपऱ्यात आयती पुटपुटायला लागली. मुनीफचं तोंड जे उघडं राहिलं ते कुणी मिटवेपर्यंत मिटेना. अबू नजीब सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"माझ्या चपलेची सर येणार नाही म्हणालास ना? आता हेच रविवारी शाळेच्या दारात म्हण!"

मग जो हशा पिकला! रडलेली माणसं पोट धरून हसत होती. कुणीतरी वजदीला खांद्यावर घेतलं. "वा उस्ताद! काय डाव टाकलास! विरोधकाच्याच तोंडून प्रचार!" सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पाठीवर थाप मारली. वजदीने लगेच चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, "विचार करूनच केलं होतं सगळं."

आणि खाली बसचा भोंगा वाजला.

बस बैरूतची होती; बातमी फोनवरून तिथे केव्हाच पोचली होती. खिडक्यांमधून काळे रुमाल हलत होते. सगळ्यांच्या पुढे अबू नजीबांची थोरली बहीण, हाज्जा बद्रिया, खिडकीतून अर्धी बाहेर येऊन छाती पिटत होती. "माझ्या भावा! मला न सांगता गेलास रे!" भाऊ दारात उभा दिसला तशी ती गप्प झाली. बसमधून सावकाश उतरली. जवळ आली, त्याचा गाल चाचपला, बोटाला लागलेला साबण पाहिला आणि हातातली पर्स त्याच्या डोक्यात घातली.

"जिवंत आहेस? मग दुकानं बंद करून, पोरांची शाळा बुडवून आम्हाला कशाला आणलंस?"

बसमधली सगळी मंडळी उतरली. सासूबाईंनी त्यांना भरलेल्या पानांचं जेवण घातलं. पाहुणी मंडळी तोंड फिरवून जेवली. निघताना अबू नजीब बसच्या दाराशी गेले.

"मग रविवारी येताय ना? मतदानाला?"

"रविवारी?" हाज्जा बद्रिया म्हणाली. "बसवाला काय आपला मामा लागतो? एका आठवड्यात एकदाच येणं होतं, सब्री. मयत की मतदान, ते तुम्ही आधी ठरवायचं होतं!"

बस निघून गेली. अबू नजीब धूळ बसेपर्यंत रस्त्यात उभे राहिले. वजदीला वाटलं, आपण त्या बसच्या मागे टायर धरून लटकावं आणि बैरूतला पोचून तिथल्या कोर्सवाल्याच्या दारात डोकं आपटावं.

शनिवारी त्याने गमावलेलं सावरायची धडपड केली. उडवलेल्या स्टाइल्स परत येईनात. सगळं त्याने स्वतःच 'नक्की रे बाबा' म्हणून सेव्ह केलं होतं! नवी पत्रकं करायला बसला तर वीज गेली आणि जनरेटरवाला कुठल्याशा लग्नाला गेलेला. शेवटी हिरवा मार्कर घेऊन तो भिंतीभिंतीवरून फिरला आणि प्रत्येक काळ्या चौकटीखाली त्याने लिहिलं: 'जिवंत आहेत!'

लोकांनी ते वाचलं आणि हळहळले. "खरंच आहे. अशी माणसं मनात जिवंतच राहतात."

रविवारी शाळेत गर्दी उसळली. फक्त भिंतीवरचं वाचलेले काही जण तर काळे कपडे घालून, हात बांधून आले होते. त्यांना समोर मतपेटी दिसली, तसे ते गोंधळले. गेलेल्या माणसाला मत देणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी ते मुनीफला दिलं. आणि बाकीच्यांना वाटलं, मुनीफ तर परवाच किती सुंदर बोलला होता! अबू नजीब हरले. फार नाही, बसमध्ये जेवढी माणसं बसतात, जवळपास तेवढ्याच मतांनी.

संध्याकाळी सगळा मोहल्ला पुन्हा त्यांच्या घरी जमला. अबू खलदूनने खुर्च्या परत नेल्याच नव्हत्या. पुन्हा कडू कॉफी आली. पण या वेळी कुणाला काय बोलावं ते सुचेना, कारण चांगलं ते सगळं शुक्रवारीच बोलून झालं होतं. मंडळी उठल्यावर वजदी सासऱ्यांपुढे जाऊन उभा राहिला. काय वाट्टेल ते बोला, असं त्याला म्हणायचं होतं.

अबू नजीब गुडघा चोळत म्हणाले, "अठरा वर्षं मुख्तार होतो. सोन्यासारखा माणूस, असं एकदाही कुणी तोंडावर म्हणालं नाही. सकाळभर मेलो, तर सगळं ऐकायला मिळालं." मग ते म्हणाले, "त्या शिक्क्याची सवय झाली होती रे. आता उद्यापासून हाताला काय काम?"

सासऱ्यांनी चप्पल फेकून मारली असती तरी वजदीला इतकं लागलं नसतं. तो तिथेच, लहान पोरासारखा, रडला. सासूबाईंनी त्याच्यापुढे जेवणाचं ताट आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "खा. आता रडून कुणी निवडून येत नाही."

महिना उलटला. अबू नजीबांची जुन्या सरकारी नोकरीची पेन्शन आली नाही. कुणीतरी भल्या माणसाने कर्तव्य म्हणून भिंतीवरचा एक कागद काढून पेन्शनच्या कचेरीत नेऊन दिला होता. आता अबू नजीबांना जिवंत असल्याचा दाखला हवा होता. तो देतो कोण? मुख्तार!

वजदी त्यांना हात धरून मुनीफच्या फार्मसीत घेऊन गेला. मोहल्ल्यातली निम्मी माणसं रांगेत होती. मुनीफ चटकन उठला, त्याने आपली खुर्ची त्यांना दिली आणि नवाकोरा शिक्का पुढे ओढला.

"काका, तुम्हाला मी काय सांगणार? नियम तुमच्याच तोंडचा. हा माणूस जिवंत आहे असं सांगणारे दोन साक्षीदार लागतात. एक मी होतो. त्या शुक्रवारी तुम्हाला जिवंत होताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. दुसरा कोण?"

वजदीने लगबगीने हात वर केला. "मी!"

"हा नको!" अबू नजीब खुर्चीतून ओरडले. "माझ्या बाबतीतली याची साक्ष गावभर लागलेली आहे!"